वाचकांचे प्रश्न : सड्यावरचे गवत, बाजारातला हलवा आणि खाडीतली खारफुटी

या वेळी आलेली बहुतेक पत्रे कोकणातील आहेत. पहिल्या पत्रातील सडा म्हणजे तिथले जांभ्या दगडाचे उघडे पठार. लांबलेली पत्रे आशय न बदलता थोडक्यात दिली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गाव किंवा तालुका ठेवला आहे.

प्रश्न : आमचा वडिलोपार्जित सडा आहे आणि सातबाऱ्यावर तो पोटखराबा म्हणून लागलेला आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, सुरुंग लावून खड्डे पाडावेत, बाहेरून माती आणावी आणि हापूसची कलमे लावावीत. गेल्या श्रावणात काही अभ्यासक येऊन गेले. ते कातळावर गुडघे टेकून बारीकसारीक फुलांची छायाचित्रे काढत होते आणि जाताना ‘हा सडा मोडू नका’ असे सांगून गेले. जिथले गवत गुरांनासुद्धा पुरत नाही, तिथे जपण्यासारखे काय असणार? (एक वाचक, तालुका राजापूर)

उत्तर : पोटखराबा ही महसुलाची नोंद आहे आणि त्या जमिनीत पीक निघत नाही, एवढेच ती सांगते. तिथे काय जगते, याची चौकशी महसूल खात्याने करावी अशी अपेक्षाही नसते. आपल्या सड्यावर पीक येत नाही याची जी कारणे आहेत, नेमक्या त्याच कारणांनी तिथली जीवसृष्टी आगळी झाली आहे. जांभ्याच्या पाठीवर मातीचा थर बोटभर असतो आणि कित्येक ठिकाणी तेवढाही नसतो. पावसाळ्याचे चार महिने तिथे पाणी साचून राहते, तर एप्रिलमध्ये तोच कातळ अनवाणी पाय टेकवू नये इतका तापतो. शिवाय कोकणातील पाऊस त्या मातीतील नत्र आणि स्फुरद दरवर्षी धुऊन नेतो. अशा जागी मोठे झाड तग धरत नाही, आणि ज्या वनस्पतींनी तग धरला आहे त्यांनी उपासमारीवर स्वतःचे इलाज शोधले आहेत.

भाद्रपदात सड्यावर निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा अंथरणारी सीतेची आसवे घ्या. दिसायला नाजूक असलेली ही वनस्पती मांसाहारी आहे. ओल्या मातीत दडलेल्या तिच्या सूक्ष्म फुग्यांची तोंडे झडपेसारखी उघडतात आणि पाण्यातील अतिसूक्ष्म जीव आत खेचले जातात. तिच्याच शेजारी वाढणारी दवबिंदू ही वनस्पती पानांवरील चिकट केसांनी कीटक धरते. जमिनीत न मिळणारे नत्र दोघीही शिकारीतून मिळवतात. पांढऱ्या गोंड्यांच्या गेंदाच्या अनेक जाती अशाच पाणथळ कातळावर आढळतात. दिपकाडीची कोकणी जाती, म्हणजे दिपकाडी कोंकनेन्स, तर कोकण आणि त्याला लागून असलेल्या जांभ्याच्या कातळांपुरतीच मर्यादित आहे. पहिल्या पावसानंतर कातळाच्या भेगांतील कंदातून तिचा दांडा वर येतो, थोडे दिवस पांढरी फुले दिसतात आणि उरलेले वर्ष ती जमिनीखाली काढते. मे महिन्यात सडा पाहणाऱ्याला ती तिथे आहे हे कळणेच शक्य नसते, आणि जमिनीचे व्यवहार बहुधा मे महिन्यातच होतात.

आपण गवताचा उल्लेख केला आहे म्हणून त्याविषयीही लिहितो. ग्लायफोक्लोआ नावाची गवतांची एक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आहे. तिच्यातील जाती पश्चिम भारताच्या द्वीपकल्पी भागाबाहेर सापडत नाहीत, त्यांतील बऱ्याच जातींचे घर असे खडकाळ सडेच आहेत आणि एका जातीला तर रत्नागिरीचेच नाव आहे. गुरांच्या पोटाच्या हिशेबात या गवताला फारशी किंमत नसेल, परंतु इथले नष्ट झाले तर ते दुसरीकडून आणता येणार नाही.

प्राण्यांची गोष्टही तशीच आहे. पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस, रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावातून १९६३ मध्ये विज्ञानाला प्रथम ज्ञात झाली. ती दिवसा सड्यावरील सुट्या दगडांखाली राहते. बागेभोवती गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालण्यासाठी हे दगड उचलले जातात तेव्हा कोणालाही आपण काही तोडले किंवा मारले असे वाटत नाही, पण त्या पालीचे, विंचवाचे, फुरशाचे आणि कित्येक बेडकांचे छप्पर त्याबरोबर निघून जाते. फुरसे गेल्याचे दुःख कोणाला होणार नाही, हे मलाही समजते. मात्र छप्पर सर्वांचे एकच असते.

पाण्याचा मुद्दा आपल्या भावाला कदाचित अधिक पटेल. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेले पाणी त्यातून झिरपत खाली जाते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पायथ्याच्या वाडीतील विहिरींना जानेवारीनंतर जे पाणी राहते, त्यात या झिरप्याचा वाटा मोठा असतो. सुरुंगाने कातळ फुटला किंवा चिरेखाणीने थरच काढून नेला, तर पाण्याच्या वाटा बदलतात आणि वाडीला ते पुढे कधीतरी उन्हाळ्यात कळते.

आंबा लावू नये असे मी म्हणणार नाही, कारण कोकणातील हजारो घरे त्यावर उभी आहेत. परंतु सडा सर्वत्र सारखा नसतो. पाणी साचणारे खळगे, भेगांचा पट्टा आणि सुटे दगड पसरलेला मध्यभाग अभंग ठेवावा आणि जिथे मुळात माती धरलेली आहे अशा उतारावर कलमे लावावीत. वणवा लावू नये. हौसेने होणाऱ्या वृक्षारोपणालाही तिथे नकार द्यावा, कारण उघड्या कातळावर खड्डे खणून झाडे लावणे हे उघड्या कातळाचा नाश करणेच आहे, मग हेतू कितीही चांगला असो. सुरुंग लावण्यापूर्वी कातळशिल्पे आहेत का, तेही पाहावे. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली आणि कशेळीचा प्रचंड हत्ती आपल्याच तालुक्यात कोरलेला आहे. शेवटचे म्हणजे, २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. अनेक गावांत ती नोंदवही एकदा भरून कपाटात गेलेली असते. आपल्या सड्याची नोंद तिच्यात पावसाळ्यातील पाहणीनंतर करून घ्यावी, म्हणजे सातबाऱ्याच्या शेजारी दुसरा एक कागद उभा राहील.

प्रश्न : हलवा या माशाला काही जण काळे पापलेट म्हणतात. मग हलवा आणि पापलेट एकाच कुळातील का? शिवाय पापलेटचे शास्त्रीय नाव बदलले असे वाचनात आले. शास्त्रज्ञ नावे बदलत राहतात, त्याचा मासेमाराला उपयोग काय? (एक वाचक, मालवण)

उत्तर : दोन्ही मासे चपटे, उंच अंगाचे आणि ताटात जवळपास सारखेच दिसणारे असले, तरी ते एका कुळातील नाहीत. पापलेट स्ट्रोमॅटिडी कुळातील आहे, तर हलवा, म्हणजे पॅरास्ट्रोमॅटिअस नायजर, कॅरँजिडी कुळातील. हलव्याच्या शेपटीच्या मुळाशी, बाजूच्या रेषेवर बोट फिरवले तर टणक, धारदार खवले हाताला लागतात. ही कॅरँजिडी कुळातील माशांची खूण आहे आणि पापलेटच्या शेपटीवर ती नसते. हलव्याच्या पिल्लांना पोटाखालचे पर असतात आणि वाढीबरोबर ते नाहीसे होतात. त्यामुळे मोठा हलवा पापलेटसारखा बिनपराच्या पोटाचा दिसतो आणि घोटाळा होतो. सारख्या परिस्थितीत राहणाऱ्या प्राण्यांची शरीरे सारखी घडतात. वर्गीकरणाचे काम या वरवरच्या सारखेपणाच्या पलीकडचे नाते शोधण्याचे असते.

पापलेटच्या नावाची हकीकत अधिक बोधक आहे. प्राण्यांना दोन शब्दांचे नाव देण्याची आजची पद्धत लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरली जाते. पहिला शब्द प्रजातीचा आणि दोन्ही मिळून जातीचे नाव होते. रुपेरी पापलेटला युफ्रासेन याने १७८८ मध्ये दिलेले नाव पुढे पॅम्पस अर्जेंटियस असे रूढ झाले आणि इराणच्या आखातापासून चीनच्या समुद्रापर्यंतचा सगळा रुपेरी मासा त्याच नावाखाली मोजला गेला. अलीकडच्या अभ्यासात शरीराची मापे आणि जनुकीय क्रम तपासले, तेव्हा आपल्याकडील रुपेरी पापलेट चीनकडील जातीहून वेगळे आहे असे दिसले. मग नवे नाव न देता, क्युव्हिए याने १८२९ मध्ये दिलेले आणि नंतर बाजूला पडलेले पॅम्पस कँडिडस हे नाव पुन्हा वापरात आणले गेले, कारण वैध अशा जुन्या नावाला अग्रक्रम देण्याचा प्राणिशास्त्रात नियम आहे.

आता मासेमाराचा प्रश्न. मासा किती लांबीचा झाल्यावर प्रथम अंडी घालतो, कोणत्या महिन्यांत घालतो, वर्षाला किती वाढतो, या आकड्यांवर मासेमारीचे नियम उभे असतात. दुसऱ्या समुद्रातील दुसऱ्या जातीचे आकडे आपल्या माशाला लावले, तर नियमच चुकतो. खाडीतील कुर्लीच्या बाबतीत असेच घडले होते. चिखलातील मोठ्या खेकड्यांना वर्षानुवर्षे सरसकट सिला सेराटा म्हटले जाई. १९९८ मध्ये या प्रजातीची फेरतपासणी झाली आणि तिच्यात चार स्वतंत्र जाती निघाल्या. त्यांपैकी दोन भारतात आहेत, आणि त्या एकाच मापाला वाढत नाहीत.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला राज्य मासा घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी आहे, आणि दिव्यांच्या प्रखर झोताने मासा गोळा करण्याला केंद्र सरकारने २०१७ मध्ये मनाई केली आहे. हे सर्व कागदावर ठीक आहे. परंतु तळहाताएवढी पापलेटे ढिगाने विकायला येतात तेव्हा ती घेणारे आपणच असतो. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, जगणारा मासेमार आणि यांत्रिक नौकेचा मालक यांना एकाच पारड्यात तोलू नये, हे मात्र मी इथे स्पष्ट लिहू इच्छितो, कारण बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्याने समुद्र उपसण्याची ताकद पहिल्याकडे कधी नव्हतीच.

प्रश्न : आमच्याकडे कासवांची अंडी घरट्यातून काढून कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरतात. ही निसर्गातील ढवळाढवळ नव्हे का? त्यामुळे नर आणि मादी यांचे प्रमाण बिघडते असेही ऐकले. (एक वाचक, तालुका दापोली)

उत्तर : ढवळाढवळ आहेच, पण ती का सुरू झाली हे विसरू नये. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी किनाऱ्यावर खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसे खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी उकरून नेत आणि माणसांच्या हातून उरलेली अंडी कोल्ही-कुत्री फस्त करीत. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये संरक्षणाचे काम हाती घेतले. ज्या गावकऱ्यांना घरटी ओळखता येत होती, तेच पुढे राखणदार झाले, आणि हे काम नंतर किनाऱ्यावरील इतर गावांत पसरले.

नर-मादीविषयी आपण ऐकले त्यात तथ्य आहे. कासवाच्या पिल्लाचे लिंग उबवणीच्या मधल्या काळातील वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण २९ ते ३० अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात, त्याहून गार वाळूत नर अधिक आणि उष्ण वाळूत माद्या अधिक. म्हणून संरक्षित जागेतील वाळू, खड्ड्याची खोली आणि सावली मूळ घरट्याशी जुळली पाहिजे. अंडी हलवायची तर घातल्यापासून पहिल्या काही तासांतच, कारण गर्भ कवचाच्या आतील बाजूस चिकटल्यावर अंडे उलटेसुलटे झाले की तो मरतो. जिथे राखण शक्य आहे तिथे घरटे जागेवरच ठेवून त्याला जाळी घालणे अधिक चांगले.

माझ्या मते अंड्यांपेक्षा किनाऱ्याची काळजी आता अधिक करायला हवी. वाऱ्याला अडवण्यासाठी आपण किनारोकिनारी सुरूची लागवड केली. हे झाड ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचे आहे आणि त्याच्या सुयांच्या थराखाली मर्यादवेलीसारखी वाळू धरून ठेवणारी मूळची वनस्पती मागे हटते. सुरूचे बन भरतीरेषेजवळ आले की मादीला खणायला मोकळी वाळू उरत नाही. त्यात संरक्षक भिंती आणि रिसॉर्टचे दिवे यांची भर पडते. पिल्ले रात्री समुद्राच्या उजेडाकडे धावतात, आणि किनाऱ्यावर दिवा असला की ती उलट दिशेला जातात. टाकून दिलेल्या जाळ्यांत पंख अडकून जखमी झालेली मोठी कासवे दर पावसाळ्यात वाहून येतात, हे आपण पाहिले असेलच.

एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपल्या किनाऱ्यावरील कासवे आणि ओडिशाकडील कासवे वेगळी मानण्याकडे कल होता. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागर येथील पाच माद्यांना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवली गेली आणि त्यांच्या प्रवासाची माहिती मिळू लागली. पुढे २०२५ मध्ये ओडिशात खूण केलेली एक मादी गुहागरला अंडी घालताना आढळली. म्हणजे आपल्या गावचे कासव हा हिशेब त्यांना मान्य नाही.

प्रश्न : आमच्या शाळेतर्फे खाडीत खारफुटीची रोपे लावावयाची आहेत. कोणती लावावीत? (एक शिक्षिका, तालुका अलिबाग)

उत्तर : प्रथम, लावावीत का, हे पाहावे. जिथे भरतीचे पाणी मोकळे येते-जाते आणि जवळ जुनी झाडे आहेत, तिथे बिया आणि रोपटी आपोआप रुजतात. कांदळ या खारफुटीच्या बिया तर झाडावरच अंकुरतात आणि लांब शेंगेसारख्या खाली पडून चिखलात उभ्या राहतात. तिथे माणसाने रोपे खोचण्याचे कारण नाही. खारफुटी रुजत नसेल, तर बहुधा एखादा बांध, भराव किंवा बुजलेली मोरी पाण्याला अडवत असते आणि ती मोकळी करणे हे खरे काम असते. उघडा चिखलपट्टा रिकामा दिसतो म्हणून तिथे लागवड करू नये. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे तुतवार, चिखले असे पक्षी त्याच चिखलातील किडे आणि शिंपले टिपून जगतात, निवटी हा चिखलातला मासाही तिथेच राहतो, आणि दाट झाडीत या पक्ष्यांना उतरता येत नाही.

तरीही एखादी उजाड झालेली जागा निश्चितपणे खारफुटीचीच होती असे गावातील जुन्या मंडळींकडून कळले, तर त्या खाडीत आधी असलेल्या जातीच लावाव्यात. तिवर, चिप्पी आणि कांदळ यांच्या भरती-ओहोटीतील जागा वेगवेगळ्या असतात. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, म्हणून तीच सर्वत्र लावण्याचा उत्साह टाळावा. कामापूर्वी राज्याच्या कांदळवन कक्षाची संमती घ्यावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनंतर खारफुटी तोडणे किंवा तिच्यावर भराव घालणे हा गंभीर विषय झाला आहे आणि त्या क्षेत्रातील कोणतेही काम परवानगीशिवाय करणे योग्य नाही.

प्रश्न : आमच्या भागातील एका देवराईत झाडांना खोडापासून निघालेली मुळे चिखलात रोवलेली असतात. हा कोणता प्रकार? (एक वाचक, तालुका दोडामार्ग)

उत्तर : वर्णनावरून ती जंगली जायफळाची झाडे असावीत. आपल्याच तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे अशा गोड्या पाण्याच्या दलदलीतील जंगली जायफळाची राई आहे आणि राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला आहे. अशा दलदली प्रामुख्याने कर्नाटक आणि केरळमध्ये असून महाराष्ट्रात त्या अत्यंत विरळ आहेत. देवाचे रान म्हणून तिथे कुऱ्हाड चालली नाही, हे खरे. तथापि अशी राई कुऱ्हाडीवाचूनही मरते. वरच्या बाजूला ओढ्याचे पाणी पोफळीच्या बागेकडे वळवले की दलदल आटते आणि बी रुजत नाही, कारण जायफळाचे बी वाळले की निकामी होते. तेव्हा आपल्या देवराईत पाणी कोठून येते आणि मार्च-एप्रिलमध्ये ते किती उरते, हे आधी पाहून ठेवावे.

ही झाडे तीच आहेत का, याची खात्री छायाचित्रांवरून करता येईल. बुंधा आणि मुळे, पानाच्या दोन्ही बाजू, तोडलेल्या देठातून येणारा रस आणि मिळाल्यास खाली पडलेले फळ, अशी वेगवेगळी छायाचित्रे पाठवावीत. फांदी तोडून पाठवू नये.